शेवाळ पेरायचं की मारायचं? धानाच्या बांधीतल्या हिरव्या मातीची गोष्ट

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर सोडलं की काही वेळाने भंडारा रोड स्टेशन येतं. नाव भंडाऱ्याचं असलं तरी स्टेशन आहे वरठीत. मोहाडी तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना माहीत असतं ते स्टेशनमुळे आणि सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्यामुळे. पण जुलैमध्ये इथे उतरलात तर आजूबाजूला दिसते ती रोवणी. चिखलणी झालेल्या बांध्या, पऱ्ह्यांच्या पेंढ्या, आणि थोड्या दिवसांनी पाण्यावर, धुऱ्यावर, घरामागच्या ओल्या जमिनीवर चढलेला हिरवा थर.

या थराला आपण सगळे एकच शब्द वापरतो, शेवाळ. आणि खरी गडबड इथूनच सुरू होते.

धान उत्पादकाला शेवाळाबद्दल दोन सल्ले मिळतात. पहिला, शेवाळ पेरा. निळं-हिरवं शेवाळ हे जैविक खत आहे, रोवणीनंतर आठ-दहा दिवसांनी हेक्टरी १० किलो टाका, नत्राची बचत होईल. दुसरा, शेवाळ मारा. पाण्यावर जाळं धरलंय, पऱ्हे दबतायत, मोरचूद टाका. दोन्ही सल्ले खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या जीवांबद्दल आहेत. त्यातल्या एकाचं दुसऱ्याशी नातं इतकं लांबचं आहे की त्यापेक्षा आपलं आणि गांडुळाचं नातं जवळचं म्हणावं लागेल.

एका शब्दात किती जण?

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर जे हिरवं दिसतं त्यात किमान चार वेगळे गट असतात. सूक्ष्मदर्शक नसला तरी डोळ्यांनी आणि बोटांनी बरंचसं ओळखता येतं.

जवळून बघितल्यावर इवलीशी पानं दिसली, हात फिरवल्यावर मखमल वाटली, तर ते शेवाळ नव्हे. ते मॉस. खरीखुरी वनस्पती, फक्त मुळं आणि फुलं नसलेली. भिंतीवर आणि जुन्या कौलांवर बहुतेकदा हेच असतं.

काळपट हिरवी बुळबुळीत साल, किंवा पावसानंतर फुगलेले जेलीसारखे गोळे दिसले, तर ते निळं-हिरवं शेवाळ. नॉस्टॉक हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. हा मुळात जीवाणू आहे, सायनोबॅक्टेरिया. त्याच्या पेशीत केंद्रक नसतं. खत म्हणून पिशवीतून विकतात ते हेच, कारण यातल्या अनेक जाती हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला उपयोगी रूपात आणू शकतात.

आटत्या डबक्याच्या चिखलावर टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे फुगे उगवलेले दिसले तर ते बोट्रिडियम असण्याची शक्यता मोठी. हे पिवळ्या-हिरव्या शेवाळांपैकी, म्हणजे तिसऱ्याच घराण्यातलं.

आणि मातीवर हिरवी पूड भुरभुरल्यासारखं दिसत असेल, किंवा पाण्यात हिरवे रेशमी धागे असतील, तर ते हिरवं शेवाळ. आजचा विषय हाच गट आहे, त्यातही मातीत राहणारा.

मातीतलं हिरवं शेवाळ म्हणजे नेमकं काय?

शेवाळ म्हटलं की पाणी आठवतं. पण हिरव्या शेवाळांच्या कितीतरी जाती आयुष्यभर मातीत राहतात. क्लोरेला, क्लोरोकॉकम, ब्रॅक्टिओकॉकस, स्टिकोकॉकस, क्लेब्सॉर्मिडियम ही त्यातली जगभर सापडणारी नावं. क्लोरेलाचा एक गोळा २ ते १० मायक्रॉनचा असतो. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर एका केसाच्या रुंदीत सात-आठ मोठे गोळे सहज बसतील.

या गटाची ओळख तीन गोष्टींवरून पटते. हरितद्रव्य अ आणि ब असं दोन प्रकारचं असतं, अगदी धानाच्या पानासारखं. साठवलेलं अन्न म्हणजे स्टार्च, आणि तो हरितलवकाच्या आतच साठतो. पेशीची भिंत बहुतेकांत सेल्युलोजची. निळ्या-हिरव्या शेवाळात हरितद्रव्य ब सहसा नसतं आणि साठवण वेगळ्या पदार्थाची असते.

नाव हिरवं असलं तरी रंग हिरवा असेलच असं नाही, ही एक गंमत. ट्रेंटेपोहलिया हे हिरवं शेवाळच, पण त्याच्या पेशीत कॅरोटिनॉइड रंग इतके भरलेले असतात की ते नारिंगी दिसतं. कोकणात दमट झाडांच्या सालीवर आणि भिंतींवर जो विटकरी लेप दिसतो तो बऱ्याचदा याचा. २००१ मध्ये केरळात पडलेला ‘लाल पाऊस’ आठवतोय का? परग्रहावरच्या जीवांपर्यंत चर्चा गेली होती. सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी तपासणी करून तो रंग ट्रेंटेपोहलियाच्या बीजाणूंचा असल्याचं सांगितलं. परग्रहवाले व्हिडिओ मात्र अजून फिरतात.

मातीतल्या शेवाळाला जगायला उजेड लागतो आणि मातीत उजेड वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो. त्यामुळे यांचं सगळं जग नखाच्या जाडीएवढ्या थरात असतं. पाणी म्हणजे मातीच्या दोन कणांमधली ओलीची पातळ फिल्म. पाऊस पडला की अनेक जाती शेपटीवाल्या पेशी तयार करतात, त्या या फिल्ममधून पोहत पुढच्या कणापर्यंत जातात. वाळायला लागलं की शेपट्या टाकून देतात.

मग एप्रिल-मेमध्ये ही जातात कुठे?

पूर्व विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बांधीला भेगा पडतात. वरच्या थरात ओलीचं नाव नसतं. तरी जूनमध्ये पहिल्या सरीनंतर आठवड्याभरात हिरवी छटा परत येते, ती कुठून?

ती तिथेच असते. वाळण्याची चाहूल लागली की पेशी भिंत जाड करते, आत तेल आणि स्टार्च साठवते, कामकाज जवळजवळ बंद करते आणि पडून राहते. क्लेब्सॉर्मिडियमसारख्या काही धागेदार जाती तर वेगळी पेशी बनवायच्या भानगडीतही पडत नाहीत, आहे तोच धागा आक्रसून वाळतो आणि पाणी मिळालं की पुन्हा फुलतो.

ही झोप किती लांब असू शकते? याचं उत्तर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात मिळालं. तिथे जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत सीलबंद ठेवलेले होते. म्युरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी त्या कोरड्या मातीला पाणी आणि उजेड दिला, आणि कित्येक दशकं बाटलीत पडून असलेल्या मातीतून जिवंत शेवाळं उगवली. त्यांचा हा अभ्यास १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्युरिएल ब्रिस्टल हे नाव तुम्ही संख्याशास्त्र शिकला असाल तर वेगळ्याच कारणाने ऐकलेलं असेल. ‘कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे मी चवीवरून सांगू शकते’ असा दावा करणाऱ्या बाई त्या याच. त्यांच्या दाव्याची परीक्षा घ्यायला रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांचा प्रयोग मांडला. चार एका पद्धतीचे, चार दुसऱ्या, क्रम गुपित. फिशर यांच्या १९३५ च्या पुस्तकात तो आला आणि आजही औषधांच्या चाचण्यांपर्यंत जी पद्धत वापरतात तिचं ते पाठ्यपुस्तकातलं उदाहरण बनलं. बाईंनी आठही कप बरोबर ओळखले असं सांगितलं जातं. जगाला त्या चहामुळे माहीत झाल्या, त्यांचं आयुष्याचं काम मात्र मातीतल्या शेवाळावरचं होतं. त्यांच्या नावाने एका हिरव्या मृदा-शेवाळाला म्युरिएला असं नाव दिलेलं आहे.

हिरव्या गोळ्यांना नाव द्यायचं तरी कसं?

आता वर्गीकरण. हा भाग किचकट वाटेल, पण सगळ्यात धक्कादायक माहिती इथेच आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली मातीतली निम्मी हिरवी शेवाळं सारखीच दिसतात. एक हिरवा गोळा. १८९० मध्ये नेदरलँड्सच्या बायेरिंक यांनी क्लोरेला हे नाव दिलं आणि नंतर जो तो आपल्याला सापडलेला हिरवा गोळा क्लोरेलात टाकत गेला. जातींची संख्या शंभरावर गेली. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत टेक्सासमध्ये हॅरॉल्ड बोल्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळी वाट धरली. मातीतून एकेक पेशी वेगळी काढायची, ठरलेल्या क्षारांच्या द्रावणात वाढवायची आणि तिचं पूर्ण आयुष्य बघायचं. पोहणारी पेशी करते का, शेपट्या किती, हरितलवकाचा आकार कसा. ते द्रावण आजही ‘बोल्डचं माध्यम’ म्हणून प्रयोगशाळांमध्ये वापरलं जातं, आपल्याकडच्या कॉलेजांतही.

नंतर डीएनए वाचता यायला लागला आणि क्लोरेलाचं घर फुटलं. गोळा हा आकार हिरव्या शेवाळांमध्ये अनेकदा, वेगवेगळ्या घराण्यांत, स्वतंत्रपणे तयार झाला होता. खऱ्या क्लोरेलात मोजक्याच जाती उरल्या, बाकीच्यांची रवानगी दुसऱ्या वंशांत झाली, काहींची तर दुसऱ्या वर्गात.

आज हिरव्या वंशाच्या दोन मोठ्या फांद्या मानतात. एक क्लोरोफायटा. क्लोरेला, क्लोरोकॉकम, ट्रेंटेपोहलिया सगळे इथे. दुसरी स्ट्रेप्टोफायटा. हिच्यात क्लेब्सॉर्मिडियम, स्पायरोगायरा, बांधीच्या चिखलात उभं राहणारं खरखरीत कारा, आणि जमिनीवरच्या झाडून सगळ्या वनस्पती येतात. मॉस, नेचे, आंबा, मोह, धान, आणि शाळेबाहेरची चिंचसुद्धा.

याचा अर्थ नीट बघा. बांधीच्या एकाच चिमूट मातीत क्लोरेला आणि क्लेब्सॉर्मिडियम शेजारी असतील तर क्लेब्सॉर्मिडियमचं जवळचं नातं शेजारच्या क्लोरेलाशी नसून वर डुलणाऱ्या धानाशी आहे. आणि पाण्यात तरंगणारा स्पायरोगायराचा धागा, जो काढून धुऱ्यावर फेकला जातो, तो धानाच्या आणखी जवळचा. त्याच्या गटाला झिग्नेमाटोफायसी म्हणतात आणि जनुकांच्या अभ्यासानुसार जमिनीवरच्या वनस्पतींची सर्वांत जवळची भावकी तीच आहे. २०१९ मध्ये या गटातल्या दोन जातींचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात कोरडेपणा सोसायला मदत करणारी काही जनुकं सापडली आणि ती मातीतल्या जीवाणूंकडून आली असावीत असा निष्कर्ष निघाला. वनस्पती जमिनीवर आल्या त्याला साधारण ५० कोटी वर्षं झाली असं मानतात. ती तयारी कुठल्यातरी ओल्या मातीतच झाली असणार.

या शोधात एक भारतीय वळणही आहे. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार, ज्यांना भारतीय शैवालशास्त्राचे जनक म्हणतात, त्यांनी १९३२ मध्ये ओल्या मातीत राहणाऱ्या एका नव्या हिरव्या शेवाळाचं वर्णन केलं. इंग्लंडचे शैवालतज्ज्ञ फ्रिट्श यांच्या नावावरून त्याला फ्रिट्शिएला म्हटलं. याची रचना विलक्षण होती. मातीत मुळासारखे धागे, जमिनीलगत पेशींचे घट्ट पुंजके, आणि त्यातून वर हवेत येणाऱ्या फांद्या. जणू एक छोटं झुडूप. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत ते ‘शेवाळातून वनस्पती कशी झाली असेल’ याचा नमुना म्हणून दाखवलं गेलं. पेशीविभाजनाच्या बारकाव्यांनी आणि डीएनएने ते चित्र बदललं. फ्रिट्शिएला निघालं क्लोरोफायटा फांदीतलं. म्हणजे जमिनीवर राहण्याचा तोच आराखडा त्याने वेगळ्या घराण्यात बसून स्वतःचा स्वतः काढला होता. माझ्या मते यामुळे त्याचं महत्त्व कमी होत नाही, उलट वाढतं.

महाराष्ट्रात कुणी यावर काम केलं का?

केलं आहे, पण त्याची फारशी बातमी झाली नाही. मुंबईच्या एला गोन्साल्विस यांनी भातखाचरांतल्या शेवाळांवरची निरीक्षणं एका सहकाऱ्यासोबत १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मांडली. पुढे ईडोगोनियम आणि त्याच्या भावकीवर त्यांनी लिहिलेला जाडजूड ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९८१ मध्ये काढला. विदर्भातल्या शेवाळांची यादी एन. डी. कामत यांनी १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात दिली.

युरिया कुठे उडून जातो?

आता परत वरठीच्या बांधीत येऊ, कारण पैशाचा प्रश्न इथे आहे.

१९३९ मध्ये पी. के. डे यांनी दाखवलं की भातखाचरं वर्षानुवर्षं फारसं खत न देता पिकत राहतात त्यामागे निळं-हिरवं शेवाळ आहे. तेच हवेतून नत्र आणतं. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी त्याचं खत म्हणून तंत्र बसवलं. हेक्टरी २० ते ३० किलो नत्राची बचत, असा आकडा सहसा सांगितला जातो.

हिरवं शेवाळ हे काम करू शकत नाही. त्याला नत्र आयता लागतो. त्यामुळे रोवणीनंतर साचलेल्या पाण्यात युरिया फोकला की सगळ्यात आधी ताट वाढलं जातं ते हिरव्या शेवाळाला. निळ्या-हिरव्याची खासियत म्हणजे नत्र नसतानाही वाढणं. नत्र भरपूर असेल तर ती खासियत निकामी होते आणि हिरवं शेवाळ पुढे निघून जातं. खताची शेवाळपिशवी आणि युरियाची गोणी एकाच आठवड्यात वर-वर फेकली तर पहिलीचे पैसे बऱ्यापैकी वाया जातात.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसतच नाही. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. तो कमी झाला की पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चढतो. भर दुपारी उथळ बांधीत तो ९ च्या वर जाऊ शकतो, रात्री पुन्हा उतरतो. युरियापासून पाण्यात अमोनियम बनतं, आणि इतक्या चढ्या सामूला अमोनियमचा अमोनिया वायू होतो. ऊन, वारा, उथळ पाणी असेल तर तो थेट हवेत. परिस्थिती फारच वाईट असेल तर दिलेल्या नत्रातला निम्म्याच्या आसपास भाग असा उडून जाऊ शकतो.

‘आता तर निमकोटेड युरिया आहे ना?’ हा प्रश्न येणारच. २०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा आहे, बरोबर. पण तो लेप मुख्यतः अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतो. अमोनिया उडण्यावर तो फारसा उपाय नाही.

उपाय साधा आहे. खत पाण्यात नको, चिखलात हवं. बांधीतलं पाणी काढून चिखलावर युरिया द्यायचा आणि मग पाणी भरायचं, हा एक मार्ग. दुसरा महाराष्ट्रातच तयार झालेला आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत १५ आणि २५ सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर चूड लावतात आणि दर चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खुपसतात. खत तिथे गेलं की पाण्यातल्या शेवाळाला ते मिळत नाही आणि वायू होऊन उडायची वाटही बंद होते. मजुरी वाढते हे खरं. रोवणीला माणसं मिळत नाहीत अशा दिवसांत एकेक गोळी खुपसत बसणं सोपं काम नाही, आणि पद्धत सर्वदूर न पोचण्याचं एक कारण हेच असणार.

मोरचुदाबद्दल एवढंच, की तांबं दोघांनाही मारतं आणि निळं-हिरवं शेवाळ तांब्याला फार हळवं असतं. शिवाय तांबं मातीत साचत जातं. पाण्यावरचं जाळं दाट झालं असेल तर आधी पाणी काढून बांधी एक-दोन दिवस चिखलावर ठेवून बघणं स्वस्त पडतं. आणि पातळ थर असेल तर हात लावायचंच कारण नाही. हिरवं शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, पेशींभोवतीच्या चिकट पदार्थाने मातीचे कण बांधून ठेवतं आणि मेलं की कुजून खतच होतं.

मातीतली सगळी शेवाळं मिळून जगभरात वर्षाला सुमारे ३.६ अब्ज टन कार्बन पकडतात, असा अंदाज २०२२ मध्ये एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दिला. जमिनीवरच्या वनस्पतींच्या एकूण उत्पादनाच्या हे साधारण ६ टक्के होतं.

आणि एक उदाहरण, विषय शेतीच्या बाहेरचा असला तरी. क्लॅमिडोमोनास नावाचं हिरवं शेवाळ १९४५ मध्ये अमेरिकेत बटाट्याच्या शेतातल्या मातीतून वेगळं काढलं गेलं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलं. उजेड कुठे आहे हे त्याला कळतं, त्यासाठीचं प्रथिन २००२ मध्ये ओळखलं गेलं. २०२१ मध्ये क्लॅमिडोमोनासच्याच दुसऱ्या एका जातीतून घेतलेलं तशाच प्रकारचं प्रथिन एका अंध रुग्णाच्या डोळ्यात जनुकाद्वारे बसवलं आणि खास चष्म्याच्या मदतीने त्याला टेबलावरच्या वस्तू जाणवायला लागल्या.

घरी बघायचं असेल तर

शेतातली किंवा अंगणातली वरची चमचाभर कोरडी माती घ्या. काचेच्या बरणीत पसरा. उकळून गार केलेलं पाणी शिंपडून फक्त ओली करा, पाणी साचू देऊ नका. वर भोकं पाडलेलं प्लॅस्टिक बांधा आणि खिडकीत ठेवा, थेट ऊन टाळून. दोन-तीन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसायला लागतात.

शाळेत किंवा ओळखीत कुणाकडे कागदी सूक्ष्मदर्शक असेल, फोल्डस्कोप, तर आणखी एक पायरी करता येते. काचपट्टीवर तो हिरवा ठिपका घ्या आणि मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचा पाणी घालून पातळ केलेला थेंब सोडा. पेशीच्या आत निळे-काळे कण उमटले तर तो स्टार्च, म्हणजे हिरवं शेवाळ. नुसता पिवळा-तपकिरी रंग आला आणि धागा मण्यांच्या माळेसारखा दिसला, तर बरणीत उगवलंय ते हेक्टरी १० किलोवालं.